टायरचा बीड सुटणे

टायरचा बीड सुटणे : टायरची आतली कड रिमवरच्या जागेवरून सरकून हवा निघून जाणे. गॅरेजच्या बोलीत ‘टायर रिंगवरून उतरला’. याला पंक्चर म्हणता येत नाही. रबराला कुठेही भोक नसते, नक्षी शाबूत असते, तरी चाक क्षणात बसते. कच्च्या वाटेवर, वाळूत, चिखलात किंवा दगडधोंड्यांत पकड मिळावी म्हणून कमी हवेवर चालणाऱ्या गाड्यांत हा बिघाड जास्त आढळतो. नागपूर परिसरात जंगल सफारीच्या जिप्सी, हौशी मंडळींच्या थार, गुरखा आणि जिम्नी, धानाच्या बांध्यांतले ट्रॅक्टर आणि खाणींवरचे डंपर या सगळ्यांना तो गाठतो.

रचना

बीड म्हणजे टायरच्या दोन्ही कडांमध्ये रबरात गुंडाळलेले पोलादी तारांचे कडे. हे कडे ताणले जात नाही, म्हणूनच टायर रिमवर टिकतो. तारेच्या कडेचा टायर आणि मध्ये खोलगट असलेला रिम यांचे पेटंट चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी १८९० साली ब्रिटनमध्ये घेतले. आजच्या मोटारीचे चाक मूळ कल्पनेत तेच आहे. रिमवर बीड बसण्याची जागा मोटारींत साधारण ५ अंशांनी, तर ट्यूबलेस ट्रकमध्ये १५ अंशांनी उतरती असते. हवा भरली की बीड या उतारावर बाहेरच्या अंगाला चढतो आणि रिमच्या उभ्या कडेला टेकून घट्ट होतो. ट्यूबलेस रिमवर बैठकीच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो. त्यामुळे बीड सहजी खोलगट भागात घसरत नाही. ट्यूबसाठी बनलेल्या जुन्या रिमवर बहुधा हा उंचवटा नसतो. अशा रिमवर नुसता ट्यूबलेस टायर चढवून काम भागवणे ही काटकसर महागात पडते.

उंचवटा असला तरी बीडला जागेवर दाबून धरण्याचे मुख्य काम हवाच करते. हवा निम्मी केली की ही पकडही तितकीच ढिली पडते.

बीड सुटतो कसा

गाडी डावीकडे वळते तेव्हा उजव्या पुढच्या चाकावर सर्वांत जास्त भार येतो. जमीन टायरचा तळ आत ढकलते, रिम मात्र बाहेर जाऊ पाहतो. अशा वेळी टायरची बाहेरची भिंत ओढली जाते आणि बाहेरचा बीड बैठक सोडून आत सरकतो. म्हणून पुढच्या चाकाचा बाहेरचा बीड हा नेहमीचा बळी. तिरप्या उतारावर आडवे चालणे, रुतलेल्या गाडीचे स्टिअरिंग जागच्या जागी पूर्ण फिरवणे आणि अडकलेले चाक गरगर फिरवून एकदम थांबवणे यांतही हेच घडते. दगडावर आदळून रिमची कड वाकली, तर हवा पुरेशी असतानाही बीड गळू लागतो.

ट्यूब असलेल्या टायरचा प्रकार जरा वेगळा. रामटेक-मौद्याकडे चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत हवा कमी ठेवतात. ओढ वाढली की टायर रिमवर फिरतो, पण ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असल्याने जागीच राहतो आणि मुळापासून उपटला जातो. बाहेरून टायर बसलेला दिसतो, आत ट्यूब फाटलेली असते. टायरवर आणि रिमवर समोरासमोर खडूची एकेक रेघ मारून ठेवली, तर टायर सरकतो आहे हे व्हॉल्व्ह तुटण्याआधीच कळते.

काळी माती आणि ऊन

काटोल, कळमेश्वर, हिंगणा या पश्चिमेच्या पट्ट्यात बेसाल्टपासून बनलेली काळी माती आहे. ओली झाली की ती फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून दगडासारखी होते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने गेलेल्या गाडीच्या रिमवर तिचे थर चढतात. कमी हवेवर टायरची भिंत वाकली की रिमची कड आणि बीड यांच्यात बारीक फट उघडते. त्या फटीत माती शिरते आणि दोन दिवसांनी वाळून आकसते. मग घरासमोर उभ्या असलेल्या गाडीची हवा रोज थोडी थोडी उतरू लागते. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून खिळा शोधतो, तो सापडत नाही. साबणाचे पाणी रिमच्या कडेवर फिरवले की बारीक बुडबुड्यांची ओळ उठते आणि त्या जागी बीडखाली वाळलेल्या मातीची काळी चकती निघते. नागपूरकडच्या गाड्यांचा बीड पुढे कधीतरी अचानक सुटतो, त्याची सुरुवात बऱ्याचदा अशा दुर्लक्षित गळतीतच झालेली असते. सहलीनंतर चाके आतल्या बाजूनेही धुतली तर हे टळते, पण धुण्याच्या दुकानात आतली बाजू हमखास राहून जाते.

उन्हाचा हिशेबही ध्यानात ठेवावा लागतो. बंद टायरमधला दाब तापमानाबरोबर वाढतो; हवा उतरवलेल्या टायरमध्ये साधारण दहा अंश सेल्सिअसला १ पीएसआय (हवेच्या दाबाचे गॅरेजमधले नेहमीचे माप). मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर असताना कोणी १६ पीएसआयपर्यंत हवा काढली आणि रात्री मुक्काम केला, तर पहाटे ३० अंशांना तोच टायर साडेचौदावर आलेला असतो. हवा कुठेही गळालेली नसते, तरी पहिल्याच आडव्या चढावर बीड सुटू शकतो. म्हणून मुक्कामानंतर सकाळी निघण्यापूर्वी दाब पुन्हा मोजावा.

प्रतिबंध

पक्क्या रस्त्यावर अशा गाड्यांत साधारण २८ ते ३५ पीएसआय हवा असते. नेमका आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. दगडगोट्यांच्या वाटेवर २२ ते २५, चिखलात २० च्या आसपास आणि कन्हानच्या पात्रासारख्या सैल वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरण्याची रीत आहे. साध्या रिमवर १५ च्या खाली जाणे धोक्याचे. तेवढ्या कमी हवेवर वेग ताशी २० ते ३० किमीच्या वर नेऊ नये, वळण मोठे घ्यावे आणि उतारावर आडवे जाण्यापेक्षा सरळ उतरावे. टायर जितका अरुंद आणि गाडी जितकी जड, तितके हे आकडे वर ठेवावे लागतात. जिम्नीला चालणारा दाब सामान लादलेल्या गुरखाला चालेलच असे नाही.

परतीच्या वाटेवर डांबर लागताच हवा भरायची असते आणि आळस नेमका तिथेच होतो. बोर अभयारण्याकडून येऊन कमी हवेनिशी समृद्धी महामार्गावर चढलेली गाडी ताशी १२० किमीच्या वेगमर्यादेला पोचेपर्यंत टायरच्या भिंती तापून निघतात. तिथे बीड सुटला तर गाडी उलटण्याचीच भीती असते.

बीडलॉक रिममध्ये बाहेरचा बीड बोल्ट लावलेल्या कड्याने आवळून धरतात, त्यामुळे अगदी कमी हवेवरही तो जागा सोडत नाही. स्पर्धेच्या गाड्यांना हा उपाय चांगला. बोल्ट वारंवार आवळावे लागतात, रिम जड होतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. रोज ऑफिसला आणि महिन्यातून एकदा जंगलात जाणाऱ्या गाडीला तो लागत नाही.

बीड सुटल्यावर

गाडी जिथल्या तिथे थांबवावी. बसलेल्या टायरवर थोडे अंतर जरी रेटले, तरी रिमची कड टायरची भिंत आतून कापते. स्टेपनी असेल तर ती लावणे सर्वांत सोपे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलाने ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. पण त्या संचातला चिकट द्राव खिळ्याच्या भोकासाठी असतो; सुटलेल्या बीडपुढे तो निरुपयोगी आहे. जंगलाकडे जाणाऱ्याने स्टेपनी बाळगलेली बरी.

चाक जागेवरच बसवायचे असेल तर बाकीच्या चाकांना दगडाची उटी लावून जॅकखाली रुंद फळी ठेवावी, नाहीतर काळ्या मातीत जॅकच खाली जातो. चाक जमिनीपासून सुटे झाले की बीड आणि रिमची बैठक पाण्याने व फडक्याने पुसून काढावी. वाळलेली माती लाकडी कपचीने खरवडावी. स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडा पडला तर गळतीला नवी जागा मिळते. बीडवरून बोट फिरवून तार कुठे वाकली आहे का, रबर फाटून पोलाद दिसते आहे का, हे बघावे. तसे असेल तर तो टायर बाद.

त्यानंतर कडेला साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, रबर खराब होते आणि बीड पुढेही घसरत राहतो. व्हॉल्व्हची पिन काढून घ्यावी, म्हणजे हवा भराभर आत जाते. टायरच्या नक्षीवरून मधोमध सामान बांधायचा पट्टा गुंडाळून आवळला की भिंती बाहेर फुगतात आणि बीड रिमला टेकतो. पट्टा नसेल तर दोर आणि त्याला पीळ देणारा दांडा चालतो. इथे दाबापेक्षा हवेचा झोत महत्त्वाचा, म्हणून सिगारेट लायटरच्या खाचेत लावायचा छोटा कॉम्प्रेसर बऱ्याचदा हात टेकतो. टायर हवा धरू लागला की पट्टा सैल करावा. दोन्ही बीड बसताना फट्-फट् असे दोन आवाज येतात. ४० पीएसआयपर्यंत ते आले नाहीत तर थांबावे, हवा काढावी, पुन्हा साबण लावून सुरुवात करावी. हवा भरताना टायरवर वाकून उभे राहू नये आणि नळी हाताने धरण्यापेक्षा चिमट्याने अडकवावी. शेवटी पिन बसवून कडेवर साबणाचे पाणी फिरवून बघावे.

टायरमध्ये पेट्रोल किंवा ईथरचा फवारा मारून काडी लावायची आणि भडक्याने बीड बसवायचा, ही करामत व्हिडिओंमध्ये झोकात दिसते. दाब किती चढेल यावर कोणाचाही ताबा नसतो, टायर फुटू शकतो आणि उरलेली वाफ पुढच्या हवेबरोबर पुन्हा पेट घेऊ शकते. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या सागवनात उन्हाळ्यात घोटाभर वाळका पाचोळा पडलेला असतो. तिथे हा प्रयोग करणे म्हणजे वणव्याला आमंत्रण.

खाणीतली मोठी चाके

उमरेड, कामठी, सावनेरकडच्या कोळसा खाणी आणि मनसर-गुमगावच्या मँगनीज खाणी इथे जड यंत्रांच्या चाकांचा वेगळाच मामला असतो. डंपरचा रिम अनेक तुकड्यांचा असतो: मूळ पाया, बाजूची कड, बीडची बैठक आणि हे सगळे अडकवून ठेवणारे लॉक रिंग. रिंग नीट बसलेले नसताना हवा भरली तर ते तोफेच्या गोळ्यासारखे उडते. म्हणून नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडतात, जोडचाक असेल तर दोन्हींची. चाक पोलादी पिंजऱ्यात ठेवून हवा लांबून भरतात आणि माणूस रिंगच्या समोर कधीच उभा राहत नाही. भरलेल्या चाकाच्या रिंगवर घण मारून ते ‘बसवणे’ सक्त मना आहे. हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे, रस्त्याकडेच्या दुकानात टामी आणि घण घेऊन ते करायचे नसते.