मेल्बा लिस्टन: ट्रॉम्बोन हातात, पण खरी कमाल कागदावर

स्लाइड ट्रॉम्बोनला ट्रम्पेटसारखी बटणं नसतात, नळी पुढेमागे सरकवायची, सात पोझिशन, आणि नेमकं कुठे थांबायचं ते कानानंच ठरवायचं. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जन्मलेल्या मेल्बा लिस्टन या काळ्या जॅझ कलाकारानं हे वाद्य सातव्या वर्षी धरलं, हात शेवटपर्यंत पुरायचा नाही तरी सोडलं नाही. पुढे घरचे लॉस एंजेलिसला आले आणि सोळाव्या वर्षीच ती तिथल्या लिंकन थिएटरच्या बँडमध्ये लागली. मग जेराल्ड विल्सनचा बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ वाद्यवृंद. तिथे वाजवण्यासोबत अरेंजिंगही सुरू झालं, म्हणजे कोणत्या वाद्यानं कधी काय वाजवायचं ते सगळं लिहून काढणं, आणि माझ्या मते तिचं खरं मोठेपण यातच आहे.

प्रसिद्ध जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीनं तिला कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला बोलावलं तेव्हा बँडमधले लोक कुरकुरले, एवढ्या लांबून बाई कशाला आणायची म्हणून. डिझीनं काय केलं, तर तिनंच लिहिलेली अरेंजमेंट सगळ्यांपुढे ठेवली, आणि दोन-चार मात्रांतच मंडळी गडबडली! त्यानंतर कुरकुर बंद.

पण हे सगळं सरळ नव्हतं हो. १९४९ मध्ये जॅझ गायिका बिली हॉलिडेसोबत दक्षिणेकडच्या राज्यांत टूर झाली, प्रेक्षक नाहीत, पैसे संपले, टूर कोसळली, आणि मेल्बा इतकी खचली की वाजवणं सोडून शिक्षण खात्यात कारकुनी करायला लागली, मधेच सिनेमात छोटी कामं केली. १९५६ मध्ये डिझीच्या बँडला अमेरिकन सरकारनं परदेशी पाठवलं तेव्हा ती परत आली, इराण, पाकिस्तान, तुर्कस्तान, ग्रीस असा दौरा झाला. घरी काळ्या लोकांना वेगळं बसवणारा देश बाहेर त्यांचंच संगीत मिरवत होता, हे विसरून चालणार नाही.

स्वतःच्या नावावर अल्बम एकच, 'मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स', १९५८ च्या रेकॉर्डिंगचा. बाकी आयुष्याचा मोठा भाग पियानोवादक रँडी वेस्टनच्या संगीताला आकार देण्यात गेला, १९६० चं 'उहुरू आफ्रिका' ऐका, एवढा मोठा ताफा असूनही प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. सत्तरच्या दशकात जमैकात शिकवलं. १९८५ मध्ये स्ट्रोक आला, ट्रॉम्बोन कायमचा सुटला, तरी कॉम्प्युटरवर अरेंजमेंट लिहीत राहिली आणि वेस्टनचे नव्वदच्या दशकातले काही अल्बमही तिनंच अरेंज केले. १९९९ मध्ये गेली.