भायखळा ते डॉकयार्ड रोड : रविवारच्या पायी फेरीची माहिती

नमस्कार. आपण या फेरीसाठी नाव नोंदवलंय किंवा नोंदवायच्या विचारात आहात, म्हणून हे पत्रक.

गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन आम्ही दाखवत नाही. ते बहुतेकांचं बघून झालेलं असतं, आणि नसलं तरी त्यासाठी आम्हाला पैसे द्यायची गरज नाही. आम्ही दाखवतो ते रोजच्या वाटेवरचं, पण बसच्या खिडकीतून हुकणारं.

सकाळी आठला भायखळा स्टेशनाबाहेर पश्चिमेला जमायचं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती इथूनच. तिथून पायी खडा पारशीकडे. उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात बिडाच्या उंच खांबावर शेठ करसेटजी माणेकजी उभे आहेत, खाली जलपऱ्या. मूळचं हे कारंजं. मुलींच्या शिक्षणासाठी झटणारे त्यांचे चिरंजीव माणेकजी करसेटजी यांनी ते वडिलांच्या स्मरणार्थ उभारलं. पुलावरून जाताना शेठजींचं फक्त डोकं दिसतं. पूर्ण बघायचे तर खालीच उभं राहावं लागतं.

जवळच डेव्हिड ससून यांनी बांधलेलं मागेन डेव्हिड हे बगदादी ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. फेरी शनिवारी का नाही, असं पुष्कळजण विचारतात. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, त्या दिवशी पाहुण्यांची वर्दळ बरी नव्हे. (कोकणातल्या बेने इस्रायलींचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ते मराठी बोलणारे ज्यू, हे बगदादहून आलेले. दोघांत गल्लत नको.) दारावर ओळखपत्र तपासतात. आधार किंवा कुठलंही फोटोचं ओळखपत्र मूळ प्रतीत आणा. नसेल तर आपल्याला बाहेर थांबावं लागेल आणि आम्हाला काही करता येणार नाही.

मग पूल ओलांडून राणीची बाग. पेंग्विनच्या रांगेकडे आपण वळत नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला एक दगडी हत्ती आहे, तिथे निदान वीस मिनिटं थांबतो. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं, तो हाच. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना साखळ्या तुटल्या, हत्ती आदळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन सांधे बघा. कुठला भाग मूळचा आणि कुठे नुसतं लिंपण, हे शोधण्यात मुलं मोठ्यांपेक्षा तरबेज निघतात. जुन्या प्रवाशांनी त्याच्या पाठीवर आणखी एक लहान जनावर पाहिलं होतं. कुणाला ते पिल्लू वाटलं, कुणाला वाघ. संग्रहालय त्या दिवशी उघडं असेल तर आत जाऊ, तसं आदल्या दिवशी कळवतो.

वाटेत इराण्याकडे चहा आणि ब्रून मस्का. हा खर्च शुल्कात धरलेला नाही.

शेवटचा टप्पा माझगाव. म्हातारपाखाडीत लाकडी जिन्यांची, सज्जांची जुनी घरं अजून तग धरून आहेत. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा, १९२५चे महापालिकेचे अध्यक्ष, इथलेच. ही राहती घरं आहेत. कृपया खिडकीत डोकावून फोटो काढू नका.

तिथून चिनी देवळात. बाहेरून साधं दुमजली घर वाटतं, पत्ता हाती असूनही माणसं पुढे निघून जातात. गोदीशी जोडलेल्या चिनी खलाशांनी १९१९च्या सुमारास ते बांधलं. वरच्या मजल्यावर लढवय्या ग्वान यूची मूर्ती, उदबत्त्यांचा वास आणि कौल लावायच्या बांबूच्या कांड्यांचा डबा. आपल्याकडच्या कौलासारखंच: प्रश्न मनात धरायचा, डबा हलवायचा, कांडी बाहेर पडेल तो आकडा बघायचा. एकदा आम्ही बावीस जणांना एकदम वर नेलं. जिन्यात कोंडी झाली, मागच्यांना काहीच दिसलं नाही आणि देवळाची काळजी घेणाऱ्यांना आमच्यामुळे त्रास झाला तो वेगळाच. तेव्हापासून एका फेरीत दहाच जण. अकराव्याला पुढचा रविवार.

फेरी साधारण साडेतीन तासांची. शुल्क माणशी ६०० रुपये, बारा वर्षांखालच्यांना निम्मं. बागेचं तिकीट त्यातच. जून ते सप्टेंबर फेरी बंद. पायात जुने, सरावाचे बूट किंवा चपला असू द्या, नवे नकोत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, माझगावचा चढ टाळायला रिक्षा मिळत नाही, टॅक्सी मिळते.

आणि स्वतःची गाडी भायखळ्याला लावून येऊ नका. फेरी संपते ती हार्बर लाइनवर, डॉकयार्ड रोडच्या जिन्याशी.