ताची की कताना? ओसाफुनेला जाण्याआधी

जपानमधल्या ओकायामाचा काळा किल्ला लांबून रुबाबदार दिसतो, पण आत लिफ्ट आहे. उकिता हिदेइए या सरदाराने 1597 साली पुरा केलेला मुख्य मनोरा 29 जून 1945च्या हवाई हल्ल्यात जळाला. आजचा काँक्रीटचा, 1966चा. जुनं बांधकाम हवं असेल तर आवारातला त्सुकिमी यागुरा हा बुरूज बघा, तो वाचलाय. उरलेला वेळ ओसाफुनेच्या तलवार संग्रहालयासाठी ठेवा. आको मार्गाच्या गाडीने ओसाफुने स्टेशन, पुढे टॅक्सी. सोमवारी बंद असतं.

ताची आणि कताना हे जपानी तलवारीचे दोन प्रकार, पण तिथे प्रत्येक वाकड्या पात्याला 'कताना' म्हणून लोक पुढे सरकतात. ओसाफुने ज्यात येतं त्या जुन्या बिझेन प्रांताचं नाव झालं ते मात्र आधी ताचीमुळे.

ताची घोडेस्वाराची. कमरेला दोरांनी टांगायची, धार खाली. कताना कमरपट्ट्यात खोचायची, धार वर. त्यामुळे उपसणं आणि वार एकाच झटक्यात होतो. मुरोमाची काळात (चौदावं ते सोळावं शतक) पायी लढाई वाढली तशी कताना रुळली. संग्रहालयात पातीही तशीच मांडतात: धार खाली असेल तर ताची, वर असेल तर कताना.

दुसरी खूण सहीची. लोहार सही मुठीत शिरणाऱ्या भागावर कोरतो, आणि तलवार डाव्या कमरेला असताना बाहेर दिसेल त्या अंगाला. म्हणून टोक वर धरून सही आपल्याकडे केली की धार उजवीकडे आली तर ताची, डावीकडे आली तर कताना. अपवाद शेजारच्याच बिच्चू प्रांतात सापडतो: आओए घराण्याचे जुने लोहार ताचीवर उलट अंगाला सही करत.

लांबीवर मात्र विसंबू नका. दोन्ही साधारण 60 सेंमीच्या वरच्या, आणि कित्येक ताची पुढे कापून कताना केल्या गेल्या. कापायचं ते मुठीच्या बाजूने, कारण टोकाकडून कापलं तर तिथली कडक केलेली धार जाते. त्यात सहीही जाते. शिवाय बिझेनच्या जुन्या ताचीचा बाक मुठीजवळच जास्त असतो, तोच कापला गेल्याने उरलेलं पातं सरळसर वाटतं. मुठीच्या भागात खिळ्याची दोन-तीन भोकं दिसली की काटछाटीचा संशय घ्या.

धारेलगतची लवंगेच्या कळ्यांसारखी नक्षी (चोजी) बिझेनची ओळख सांगते, ताची-कतानाचा निवाडा करत नाही. ती समोरून दिसतही नाही. गुडघे वाकवून डोळे खाली न्या, दिव्याचा उजेड पात्यावरून सरकला की उमटते.

ही नक्षी सगळ्यात दाट बघायची तर सांचोमो नावाची तलवार: सुमारे 79 सेंमीची ताची, सही नाही, पूर्वी उएसुगी केनशिन या सोळाव्या शतकातल्या सरदाराकडे होती. ओसाफुने ज्यात येतं त्या सेतोउची शहराने 2020 साली 50 कोटी येनला घेतली. ती कायम मांडलेली नसते, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा.