कोडिंग धागा म्हणजे साचा नव्हे

जळगावात नीटची तयारी करणाऱ्या भाचीच्या वहीत लाल शाईने अधोरेखित केलेलं वाक्य दिसलं: 'कोडिंग धाग्यावरून आरएनए तयार होतो.' टोकलं, तर म्हणते, "मामा, नावातच कोडिंग आहे ना!" नाव फसवं आहे खरं. डीएनएचे समोरासमोर दोन धागे असतात: एक टेम्प्लेट, म्हणजे साचा, आणि दुसरा कोडिंग. आरएनए ही साच्यावरून निघणारी जनुकाची प्रत. आमच्या वेळीही निम्मा वर्ग यातच अडकायचा.

रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याचा रबरी शिक्का आठवा. रबरावर अक्षरं उलटी, पावतीवर सुलटी. टेम्प्लेट धागा म्हणजे ते रबर. आरएनए पॉलिमरेज हे विकर तोच धागा वाचतं, ३′ टोकाकडून ५′ कडे (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं), आणि समोर जोडीचं अक्षर बसवत जातं: ए समोर यू, टी समोर ए, जी समोर सी, सी समोर जी. टेम्प्लेटवर ३′-टीएसी-सीजीए-५′ असेल, तर आरएनए होतो ५′-एयूजी-जीसीयू-३′. आता कोडिंग धागा बघा: ५′-एटीजी-जीसीटी-३′. टीच्या जागी यू, क्रमात फरक तेवढाच. मजकूर आरएनएसारखा म्हणून नाव कोडिंग. छपाईत मात्र त्याला हात लागत नाही.

खरी गोची दिशेची. तोच टेम्प्लेट ५′ कडून लिहिला की एजीसी-सीएटी दिसतो, आणि पोरं डावीकडून जोड्या लावत सुटतात. आधी टोकं बघा, मग पेन उचला.

आणि हो, गुणसूत्राचा एकच धागा कायमचा टेम्प्लेट, हेही खोटं. कपाशीच्या एकाच गुणसूत्रावर एका जनुकासाठी हा धागा साचा असतो, दुसऱ्यासाठी समोरचा. ते प्रमोटरचं, म्हणजे जनुकाची छपाई जिथून सुरू होते त्या भागाचं, तोंड कुठे, त्यावर ठरतं.