कार्नेगी ग्रंथालय इमारत, वॉशिंग्टन

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन डी. सी. येथील माउंट व्हर्नन चौकातील पांढऱ्या संगमरवराची इमारत. सुमारे सात दशके येथे शहराचे मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय होते. आता वरच्या मजल्यावर शहराच्या स्थानिक इतिहासाचे संग्रहालय आहे.

या चौकात पूर्वी नॉर्दर्न लिबर्टी मार्केट ही मंडई होती. शहर सुधारण्याचा धडाका लावलेल्या अलेक्झांडर शेपर्ड यांनी १८७२ मध्ये ती रातोरात पाडून टाकली. त्यात दोघांचा जीव गेला. पुढे त्याच जागी, पोलाद उद्योगातून गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगी यांच्या तीन लाख डॉलरच्या देणगीतून ग्रंथालय उभे राहिले. कार्नेगी इमारतीचा खर्च उचलत. ती चालवण्याचा भार गावावर, ही त्यांची नेहमीची अट. आराखडा न्यूयॉर्कच्या अ‍ॅकरमन आणि रॉस यांचा. ७ जानेवारी १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि खुद्द कार्नेगी यांच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. दर्शनी भागावर विज्ञान, काव्य आणि इतिहास हे तीन शब्द कोरलेले आहेत. इतिहासाला तिथे जागा मिळायला मात्र शंभर वर्षे जावी लागली.

वास्तूचे खरे मोठेपण संगमरवरात नाही. वर्णभेद पाळणाऱ्या या शहरात ग्रंथालय पहिल्या दिवसापासून सर्वांना खुले होते. गोऱ्यांच्या शेजारी बसून कृष्णवर्णीयांना वाचता येई. शहराच्या मध्यभागी त्यांना स्वच्छतागृह वापरता येईल अशा मोजक्या जागांपैकी ही एक होती.

जागा अपुरी पडू लागली. १९७२ मध्ये मीस व्हान डेर रोह यांनी आखलेले मार्टिन ल्यूथर किंग स्मारक ग्रंथालय सुरू झाले आणि जुन्या इमारतीचे मूळ काम संपले. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत १९६९ मध्येच नाव लागले होते, ते बरे झाले.

१८९४ मध्ये स्थापन झालेल्या शहराच्या इतिहास संस्थेने मे २००३ मध्ये येथे ‘सिटी म्युझियम’ उघडले. दीड वर्षात ते बंद पडले, प्रेक्षकच फिरकेनात. यात नवल नाही. अमेरिकेचा इतिहास पाहायला आलेल्या पर्यटकाला थोड्याच अंतरावर स्मिथसोनियनची संग्रहालये फुकट पाहता येतात. तो आडबाजूला येऊन, वर तिकीट काढून, शहरातल्या वस्त्यांचा इतिहास कशाला पाहील? संस्था मात्र इमारत सोडून गेली नाही.

मे २०१९ मध्ये फॉस्टर अँड पार्टनर्स यांच्या आराखड्यानुसार जीर्णोद्धार होऊन येथे अ‍ॅपल कंपनीचे दुकान सुरू झाले. ‘ज्ञानप्रसारासाठी अर्पण’ असा लेख मिरवणाऱ्या दारातून फोन विकत घ्यायला जायचे, याची अनेकांनी थट्टा केली. पण छत गळू न देण्याइतका पैसा त्यातूनच आला, हेही तितकेच खरे. इतिहास संस्था ‘डीसी हिस्टरी सेंटर’ या नावाने दुसऱ्या मजल्यावर आहे. प्रदर्शनांना प्रवेशशुल्क नाही. तेथील किपलिंगर संशोधन ग्रंथालयात शहराचे जुने नकाशे, छायाचित्रे आणि कागदपत्रे अभ्यासकांना पाहता येतात.