आपत्कालीन वाहनांतील मोबाइल डेटा प्रणाली

रुग्णवाहिका, अग्निशमन गाड्या व पोलिसांची गस्ती वाहने आणि त्यांचा नियंत्रण कक्ष यांच्यात लिखित संदेश, वाहनाचे स्थान, नकाशे, रुग्णाच्या तपासण्या इत्यादींची देवाणघेवाण करणारी बिनतारी यंत्रणा. वाहनातील टर्मिनल किंवा टॅबलेट, राउटर, छतावरचा अँटेना, मधले रेडिओ जाळे आणि नियंत्रण कक्षातील संगणक हे तिचे मुख्य घटक होत. बोलण्याचा वायरलेस संच तिच्या जोडीला असतोच.

उगम : या प्रणालीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. अमेरिकी लेखक सामान्यतः डेट्रॉइट पोलिसांच्या १९२८ मधील एकतर्फी रेडिओसेवेपासून सुरुवात करतात. तीत गाडीतल्या शिपायाला फक्त ऐकता येई. उत्तर द्यायचे तर फोन गाठावा लागे. न्यू जर्सीतील बेयॉन येथे १९३३ मध्ये दुतर्फी संभाषण सुरू झाले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया पोलिसांनी मात्र १९२३ च्या सुमारासच मेलबर्नमध्ये गस्तीच्या गाडीत बिनतारी तारायंत्र बसवले होते. त्या संचाने गाडीची मागची सगळी बाक व्यापली होती आणि संदेश मोर्स लिपीत येत. केवळ ‘गाडीतला पहिला रेडिओ’ म्हणून या घटनेची नोंद करणे अपुरे वाटते. मोर्सचा संदेश हा ठरावीक चिन्हांचा, लिहून ठेवता येणारा असतो. म्हणजे आजच्या अर्थाने तो डेटाच. तसे मानल्यास आपत्कालीन वाहनांत डेटा आधी आला, आवाज नंतर, आणि पुढे जवळजवळ अर्धशतकाने डेटा परतला. संगणकाशी जोडलेले टर्मिनल हीच खरी सुरुवात मानणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही; पण प्रस्तुत नोंदीत मोर्सच्या संदेशापासून आरंभ धरणारे मत ग्राह्य मानले आहे.

संगणकाशी जोडलेली टर्मिनले १९७० च्या दशकात उत्तर अमेरिकेतील पोलीस गाड्यांत दिसू लागली. गुन्ह्यांच्या माहितीचा अमेरिकेतील राष्ट्रीय संगणकीय संग्रह १९६७ मध्ये सुरू झाला होता, पण गाडीचा क्रमांक तपासायचा तर वायरलेसवर पाळी येईपर्यंत थांबावे लागे. एका वाहिनीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तोच प्रश्न लिहून पाठवला तर क्षणभरात जातो. स्वीडनच्या दूरसंचार प्रशासनाचे मोबिटेक्स हे डेटासाठीचे जाळे १९८६ मध्ये चालू झाले. युरोपात १९९० च्या दशकात टेट्रा हे आपत्कालीन सेवांच्या डिजिटल रेडिओचे मानक आले. त्यात २५ किलोहर्ट्‌झच्या एका वाहिनीत चार कालखंड (आळीपाळीने वापरायचे वेळेचे तुकडे) असतात आणि एका कालखंडातून सेकंदाला जेमतेम ७.२ किलोबिट डेटा जातो. चित्रे पाठवायला हे तुटपुंजे आहे, पण ‘पोहोचलो’ एवढे कळवायला पुरून उरते.

स्थितिसंदेश : जर्मनीतील जुन्या पद्धतीत गाडीची स्थिती कळवण्याचे काम एका आकड्यावर चाले. कामगिरी स्वीकारली की ३, घटनास्थळी पोहोचल्यावर ४, रुग्ण आत घेतल्यावर ७, रुग्णालयात ८ आणि पुन्हा मोकळे झाल्यावर १. हातमोजे न काढता, चालत्या गाडीत, न पाहता दाबता येईल अशी ही कळ आहे. मोठ्या पडद्याच्या टॅबलेटवर तीन वेळा बोट टेकवून तेच कळवावे लागत असेल, तर ती सुधारणा म्हणता येणार नाही.

विश्वासार्हता : वेग आणि विश्वासार्हता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण खरेदीच्या वेळी त्यांची नेहमी गल्लत होते. विश्वासार्ह प्रणालीत संदेश पोहोचतो. न पोहोचल्यास ते पाठवणाऱ्याला कळते. आणि पडद्यावरची माहिती किती जुनी आहे हेही दिसते. तिसऱ्या अटीकडे फारसे कोणी पाहत नाही.

इंटरनेटवर डेटा लहान तुकड्यांत (पाकिटांत) पोहोचवणारी टीसीपी ही पद्धत तारांच्या जाळ्याचा विचार करून घडली. पाकीट हरवले की पुढे गर्दी आहे असे समजून ती वेग घटवते. बोगद्यात शिरलेल्या गाडीचे पाकीट मात्र सिग्नल तुटल्यामुळे हरवलेले असते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर पुढच्या प्रयत्नाआधीची प्रतीक्षा दुप्पट होत जाते. त्यामुळे गाडी बोगद्याबाहेर आली, सिग्नल पूर्ण दिसू लागला, तरी टर्मिनल काही काळ गप्पच राहते. त्यातच एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाताना आयपी पत्ता (जाळ्यातील उपकरणाची ओळख) बदलला, तर जोडणी तुटून चालकदलाला पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो. पत्ता कायम ठेवण्यासाठी मोबाइल आयपी हे मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज बहुधा राउटरमधील व्हीपीएन (जाळ्यांवरून जाणारा सुरक्षित खासगी मार्ग) हे काम करतो. राउटरमध्ये दोन कंपन्यांची सिमकार्डे घालण्याची पद्धत रूढ आहे. ती उपयुक्त आहे, परंतु दोन्ही कंपन्यांची यंत्रे एकाच मनोऱ्यावर आणि एकाच विजेवर असतील तर मार्ग दोन आहेत असे मानणे धोक्याचे.

गाडीतील वीजपुरवठ्याचा प्रश्न साधा दिसतो. इंजिन सुरू करताना स्टार्टर इतका प्रवाह ओढतो की १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब क्षणभर बराच खाली येतो आणि संरक्षण नसलेले टर्मिनल बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागते. म्हणजे नेमके कॉल आल्यावर, गाडी निघताना, पडदा काळा. इंजिन बंद केल्यावरही काही वेळ वीज चालू ठेवणारा टायमर लावतात, पण दाब घसरण्यापासूनचे संरक्षण वेगळेच लागते.

मोठ्या दुर्घटनेत आसपासचे सगळेच फोन लावू लागतात आणि मनोरा भरून जातो. मोबाइल मानकांत ११ ते १५ हे खास प्रवेशवर्ग (गर्दीतही जोडणी मिळू शकणारे गट) असून १४ वा आपत्कालीन सेवांचा आहे. ७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांनंतर ऑल्डगेट परिसरात एका कंपनीच्या जाळ्यावर असे प्रवेशनियंत्रण लागू केले होते. ज्यांच्या सिमकार्डावर हा वर्ग आधीच नोंदलेला असतो त्यांनाच त्याचा लाभ होतो. ऐनवेळी तो देता येत नाही. एलटीईमध्ये (४जी मानकात) याहून पुढे जाऊन चालू असलेली सामान्य जोडणी हटवून जागा देण्याची सोय आहे.

लंडन, १९९२ : लंडन रुग्णवाहिका सेवेची कोणती गाडी कोठे पाठवायची हे संगणकाने ठरवणारी नवी पाठवणी-प्रणाली २६ ऑक्टोबर १९९२ रोजी पूर्णपणे सुरू झाली. कोणती गाडी कोठे व कोणत्या स्थितीत आहे हे संगणकाला अचूक माहीत असेल, हे तिचे गृहीतक होते. प्रत्यक्षात काही ठिकाणी रेडिओ पोहोचत नव्हता आणि स्थितीच्या कळा चुकीच्या क्रमाने दाबल्या जात. संगणकाला जवळची मोकळी गाडी दिसेनाशी झाली, एकाच ठिकाणी दोन गाड्या गेल्या, चुकांच्या सूचनांचा ढीग पडद्यावर साचला आणि खरे कॉल पडद्याबाहेर वर सरकून दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी अंशतः हाती पद्धत परत आणावी लागली. ४ नोव्हेंबरला संगणक मेमरी संपून ठप्प झाला आणि कागदावर परतावे लागले. पुष्कळ वर्णनांत हा दुसरा प्रसंगच मुख्य ठरतो. परंतु २६ ऑक्टोबरला संगणक बंद पडला नव्हता. तो चुकीच्या माहितीवर चालू राहिला होता, आणि तेच अधिक घातक होते.

वैद्यकीय उपयोग : यूजीन नेगेल यांनी मायामीत १९६७ मध्ये अग्निशमन दलाच्या बचावपथकाकडून ईसीजी रेडिओने रुग्णालयात पाठवून दाखवला. आता बारा लीडचा ईसीजी वाटेतूनच जातो व हृदयविकाराच्या रुग्णासाठी कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करण्याची खोली) आधीच सज्ज ठेवता येते.

राष्ट्रीय जाळी : अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने फर्स्टनेट ही संस्था स्थापन झाली व तिला ७०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात २० मेगाहर्ट्‌झचा स्वतंत्र वाटा मिळाला. दक्षिण कोरियाने २०१४ च्या सेवोल जहाज दुर्घटनेनंतर एलटीईवर आधारित जाळे उभारले. ब्रिटनने टेट्राऐवजी व्यापारी ४जी जाळे वापरण्याचे २०१५ मध्ये ठरवले, पण मूळ मुदत उलटून गेली तरी तेथील आपत्कालीन सेवा टेट्रावरच बोलत राहिल्या.