लोणार: ज्वालामुखीच्या दगडातला खड्डा, पण ज्वालामुखीचा नव्हे

लोणारच्या काठावर पहिल्यांदा उभं राहिलं की बऱ्याच जणांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "इथे ज्वालामुखी असणार!" आमच्या मावशीही तेच म्हणाल्या होत्या. गोल खड्डा, भोवतीच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंचावलेला काठ, पायाखाली काळा कातळ, आणि दख्खनचं पठार लाव्हारसाचं हे तर शाळेतच पाठ केलेलं. यात मावशींना हसण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या शतकात इथे येऊन गेलेल्या भूशास्त्रज्ञांनीही हा ज्वालामुखीच्या स्फोटाचाच खड्डा असं लिहून ठेवलं होतं.

घोळ होतो तो दगडाचं आणि खड्ड्याचं अशी दोन वयं एकत्र धरल्यामुळे. ज्वालामुखीच्या तोंडातून जे बाहेर पडतं त्याचीच रास भोवती साचते. अंदमानातलं बॅरन बेट असंच वर आलं आहे. तिथे तोंड आणि दगड एकाच कहाणीतले. लोणारला तसं नाही. इथला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तोही शंकूसारख्या डोंगरातून आलेला नसून जमिनीच्या लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरलेला. खड्ड्याचं वय आधी ५० हजार वर्षांच्या आसपास सांगायचे. २०११ साली आघातात वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीतून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. हा मोठा आकडा धरला तरी दगड खड्ड्यापेक्षा शंभरपटीहून जास्त जुना. लाव्हा थंड होऊन युगं लोटली, मग कधीतरी वरून काहीतरी येऊन आदळलं.

मात्र एवढ्याने निकाल लागत नाही. जर्मनीतल्या आयफेल भागात 'मार' म्हणतात अशी गोल तळी आहेत. वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि जुन्या खडकात स्फोटाने खड्डा पडतो. म्हणजे जुन्या दगडात नवा खड्डा ज्वालामुखीही पाडू शकतो. लोणारची खरी गफलत होते ती या भावंडाशी.

इथे काठाकडे जवळून बघावं लागतं. मारच्या काठावर ज्वालामुखीय राख आणि दगडाचे तुकडे यांचे पातळ पातळ थर असतात, एकामागून एक स्फोट होत गेल्याची ती वही. लोणारच्या काठावर अशी ताजी राख नाहीच. तिथे आहे तोच जुना बेसॉल्ट, फुटलेला, भुगा झालेला आणि बाहेर फेकला गेलेला. काठातले लाव्ह्याचे थर, जे पठारावर इतरत्र जवळजवळ आडवे असतात, ते इथे खड्ड्यापासून बाहेरच्या बाजूला कलले आहेत. सगळ्यात वरचा थर तर काही जागी भाकरीचा पापुद्रा उलटावा तसा उलटा पडला आहे. इतकी उलथापालथ एकाच दणक्यात झाली.

तरीही माझ्या मते लोणारचा सगळ्यात पक्का पुरावा डोळ्यांना दिसत नाही. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे स्फटिक असतात. त्यांच्यावर सुमारे तीन लाख वातावरणं किंवा त्याहून जास्त दाब क्षणभर आला, तर ते न वितळताच काच होऊन बसतात. बाहेरून आकार स्फटिकाचा, आतली रचना काचेची. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीचा स्फोट या दाबाच्या जवळपासही पोचत नाही. सरोवराच्या तळाच्या गाळाखाली बोअर घेतल्यावर भंगलेल्या खडकात हे मास्केलिनाइट सापडलं आणि १९७३ साली ते प्रसिद्ध झालं. ज्वालामुखीचा दावा तिथे संपला.

"मग उल्का कुठे गेली?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. या प्रश्नाने मोठमोठ्यांना चकवलं आहे. अमेरिकेतले नामांकित भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट १८९१ साली ॲरिझोनातला १.२ किलोमीटरचा खड्डा बघायला गेले. त्यांचा हिशेब सरळ होता: लोखंडी गोळा आत पुरला असेल तर होकायंत्र हललं पाहिजे, आणि काठावरचा ढिगारा खड्ड्यात मावणार नाही. होकायंत्र हललं नाही, ढिगारा बरोबर मावत होता. त्यांनी वाफेचा स्फोट असा निकाल दिला, आणि तोही खड्ड्याभोवती लोखंडी उल्केचे तुकडे पडलेले असताना! प्रचंड वेगाने आदळणारा दगड स्वतःही बराचसा वितळून, वाफ होऊन जातो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १.८ किलोमीटर व्यासाच्या लोणारला तर तुकडेही नाहीत. पाहुण्याची खूण उरली आहे ती काचेच्या बारीक गोळ्यांत, जिथे निकेल आणि क्रोमियमचं प्रमाण इथल्या बेसॉल्टपेक्षा जास्त निघतं.

जाता जाता, बेसॉल्टमधलं हे जगातलं एकमेव विवर असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. ब्राझीलमधलं व्हार्जियाओ हेही बेसॉल्टमध्येच आहे, आणि लोणारपेक्षा कितीतरी मोठं. लोणारचं वेगळेपण त्याच्या शाबूत काठात आहे. ब्राझीलचं विवर झिजून गेलेलं आहे.

आणि वाटेत कुणी काळा दगड पुढे करून, त्याला लोहचुंबक चिकटवून दाखवत "ही घ्या उल्का" म्हणालं, तर खिशात हात घालू नका. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतंच. तुमच्या गावच्या खाणीतल्या खडीलाही चुंबक थोडंफार ओढ घेतं.